दारफाळणी

घराबाहेर पडताना आक्का उजव्या हाताची दोन बोटं दाराच्या चौकटीला टेकवायच्या आणि मग ओठांना. चौकटीवर तिथे करंगळीएवढी पत्र्याची नळी तिरपी ठोकलेली होती. बाजारात जाताना, नळावर जाताना, अगदी ओट्यावर पडलेली कात्री उचलायला बाहेर आल्या तरी बोटं नळीला लागायचीच. आम्हा पोरांना वाटायचं, ती दारावरची बेल आहे आणि बिघडलेली आहे. मी एकदा विचारलं, "आक्का, ही वाजत का न्हाय?" त्या म्हणाल्या, "दाराला इचार."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. ब्लाऊज कधी मिळणार? दाराला इचार. शनिवारी मशीन का बंद? दाराला इचार. मुलगा परदेशातून एवढं बोलावतो, जात का नाही? दाराला इचार. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, ज्याला उत्तर ठाऊक असतं पण द्यायचं नसतं. आम्ही त्यावर हसायचो. आक्काही हसायच्या, पण थोड्या उशिराने.

निपाणीत आमच्या भीमनगरच्या तोंडाशी त्यांचं घर. आमच्या वस्तीतून रस्त्याला लागायचं तर त्यांच्या ओट्यासमोरूनच जावं लागतं. आक्का शिवणकाम करायच्या, बायकांचं आणि लहान मुलींचं. त्यांचे यजमान बेळगावच्या कँपातले, इथे तंबाखूच्या वखारीत सुपरवायझर म्हणून आले आणि इथेच वारले. ही माणसं ज्यू. कोकणातून कधीकाळी वर आलेली, घरात आपल्यासारखंच मराठी बोलणारी. निपाणीत त्यांचं एवढं एकच घर आमच्या माहितीत होतं. दारावरच्या त्या नळीत त्यांच्या धर्मग्रंथातल्या ओळींची गुंडाळी असते, हे मला फार उशिरा कळलं. भिंतीवर रथातून आकाशात चाललेल्या एका दाढीवाल्या पुरुषाचं चित्र होतं. तो त्यांचा नबी एलियाहू. मी बरीच वर्षं त्याला अर्जुन समजत होते आणि कृष्ण कुठे गेला, याची मला काळजी वाटायची.

शनिवारी त्या मशीनवर चादर टाकून ओट्यावर नुसत्या बसायच्या. कोणी कापड घेऊन आलंच तर म्हणायच्या, "मिशन झोपलंय, उठवू नगा." माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि जर्दा घेऊन ती रोज दुपारी आक्कांच्या ओट्यावर जाऊन बसायची, कारण तिथे सावली होती. एकीचं मशीन आणि दुसरीची बोटं, दोन्ही चालू असायची. शनिवारी एकट्या आईची बोटं चालायची. "तुमच्या देवानं तुमास्नी सुट्टी दिली," आई म्हणायची, "आमच्या मुकादमाला त्यो कवा भेटंल?"

आक्कांचं वर्ष चंद्रावर चालायचं, पंचांगासारखंच. महिन्यांची नावं तेवढी वेगळी. वर्षाचा पहिला महिना तिश्री, आणि त्याच्या आधीचा उपासांचा महिना. त्या महिन्याला त्यांच्या घरात जुन्या काळापासून रमजान म्हणत. शेजारचे कापडवाले चाचा दरवर्षी चेष्टा करायचे, "आक्का, आमचा कवाच झाला, तुमी लई लेट." "तुमी फुडं जावा, आमी आलोच," आक्का म्हणायच्या. त्यांच्या प्रार्थनाघरांत त्या दिवसांत म्हणे रोज सकाळी शिंग फुंकतात. "हितं कोन फुंकनार?" त्या म्हणायच्या. "जोतिबाच्या जत्रंतला शिंगवाला बोलवू काय?"

मग तिश्री लागायचा. पहिल्या दिवशी नव्याचा सण. त्यानंतर खिरीचा सण: नारळाच्या दुधातली गूळ घातलेली खीर, उदाचा धूर, आणि आमच्या घरी पितळी झाकणाचा डबा. मग आक्का गल्लीभर फिरायच्या. प्रत्येक दारात उभ्या राहून म्हणायच्या, "वरीसभरात काय चुकून बोलले असंन तर पोटात घाला." त्यांच्यात माणसाची माफी माणसाकडूनच घ्यावी लागते, देवाकडून चालत नाही. लोक अवघडायचे. "तुमी कशाला, आक्का," म्हणायचे. एकदा मात्र पलीकडच्या गल्लीतल्या बाई म्हणाल्या, "माफ केलं, पन ती डावी बाही तेवढी परत लावून द्या." आक्कांनी तिथेच ब्लाऊज मागून घेतलं.

आणि मग दहाव्या दिवशी दारफाळणीचा सण. म्हणजे दार बंद करण्याचा. आदल्या संध्याकाळी सूर्य बुडायच्या आत आक्का कडी लावायच्या, ती दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसल्यावर काढायच्या. अन्न नाही, पाणी नाही, कोणाशी बोलणं नाही. आत पांढरं लुगडं नेसून बसायचं. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी पुऱ्या, करंज्या वाटायच्या. बाकी सगळे सण आम्हाला खाण्यातून कळत होते. हा एकच सण आम्हाला फक्त बंद दारातून कळत होता.

आता आमचं सांगते. दसऱ्याला बाकी निपाणी सोनं लुटते. आमच्या घरी तो धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. सकाळी सगळी वस्ती पांढरे कपडे घालून निघते. बायका पांढऱ्या साड्या नेसतात, पुरुष पांढरे सदरे घालतात, आणि लहान मुलींना नवे पांढरे फ्रॉक असतात. आमच्या वस्तीतले बहुतेक फ्रॉक आक्काच शिवायच्या. उपासांच्या महिन्यात तोंडात पाण्याचा थेंब न घालता आक्का दिवसभर पांढरं कापड शिवत बसायच्या. खालच्या घेराला आत दुहेरी दुमड ठेवायची त्यांची पद्धत होती, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून लांब करता येतो. "पोरी वाढत्यात," त्या म्हणायच्या.

मी पहिलीत असेन. त्या वर्षी दसरा आणि त्यांची दारफाळणी एकाच दिवशी आली होती. मला हे कुठलं माहीत? नवा फ्रॉक घातला, वेणीला पांढरी रिबीन बांधली आणि शिवणारीला दाखवायला म्हणून धावत आक्कांकडे गेले. दार बंद. मी कडी वाजवली. "आक्का, बघा की, फ्रॉक." आत काहीच नाही. पुन्हा वाजवली. मग आतून पावलं आली. दाराच्या दोन फळ्यांमध्ये फट होती, ती अंधारली. बराच वेळ अंधारलेलीच राहिली. मग कडी निघाली.

आक्का अनवाणी उभ्या होत्या. केस मोकळे होते. त्यांनी फ्रॉककडे पाहिलंच नाही. त्या खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला. हात थंडगार होते. "रिबका," त्या म्हणाल्या.

"न्हाय, मी हाय," मी म्हणाले.

त्यांनी हात काढून घेतले. काही क्षण माझ्याकडे बघत राहिल्या, मग उठल्या आणि दार लावून घेतलं. मी रडत घरी गेले. आक्कांनी माझा फ्रॉक बघितला नाही, एवढंच माझं दुःख होतं.

दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, त्या पुऱ्यांचं ताट घेऊन आमच्या घरी आल्या. मी आईच्या मागे लपले. आक्का उंबऱ्यात बसून आईला सांगत होत्या. त्यांना मुलाच्या आधी एक मुलगी होती. रिबका. ती माझ्या तेव्हाच्या वयाची असताना तापाने त्याच घरात, आतल्या खोलीत गेली. बेळगावला नेऊन पुरली. "त्या दिवशी आमची गेलेली मानसं घरला येत्यात," आक्का म्हणाल्या. "सांजच्याला येत्यात, शिळ्या सणाला जात्यात. म्हनून दार लावून घरात बसायचं. जितं मानूस आत नगं, मेलेलं चुकायला नगं. काल फटीतनं बघितलं. फ्रॉक माझ्या हातचा हाय, ह्ये दिसत हुतं की मला. वळखला मी. तरीबी हात कडीला गेला."

आईने मांडीवरचं सूप खाली ठेवलं. विडी अर्धी वळून तिने सूप खाली ठेवलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर आक्कांनी दारफाळणीला पुन्हा कधी दार उघडलं नाही. मीही वाजवलं नाही. पण दरवर्षी शिळ्या सणाला पुऱ्या देताना त्या एक वाक्य बोलायच्या. "औंदा घर भरलंतं," म्हणायच्या. चेहरा उजळलेला असायचा, आईला आग्रहाने करंजी भरवायच्या. एखाद्या वर्षी मात्र ताट खाली ठेवून म्हणायच्या, "औंदा कुनी आलं न्हाय. वाट चुकली असंल." मग पुढे कित्येक दिवस मशीनचा आवाजसुद्धा संथ यायचा. आई मला म्हणायची, "जा, आक्कास्नी बोलवून आन, चा घेऊ दे त्यास्नी." एवढंच तिचं सांत्वन.

मी शिकले. बेळगावला कॉलेजात शिकवायला लागले. बुद्धिवादी झाले, असं मी म्हणते. आई म्हणते, वाद घालायला शिकले. आत्मा नसतो, हे मी मुलांना पुराव्यानिशी सांगते. सुट्टीला निपाणीला आले की आक्कांच्या ओट्यावर बसून त्यांनाही सांगायचे. त्या सुईत दोरा ओवत ऐकून घ्यायच्या. "बरं," म्हणायच्या. "ह्यो दोरा तेवढा ओवून दे. आत्मा नसंल, दोरा हाय."

मुलगा इस्रायलला, अश्दोदला होता. दर आठवड्याला फोनवर बोलवायचा. आक्कांचे सगळे नातेवाईक केव्हाच तिकडे गेले होते. कोणाच्या अंगणात डाळिंबाचं झाड, कोणाला समुद्र दिसतो, असले फोटो यायचे. आक्का फोटो बघायच्या, आम्हालाही दाखवायच्या आणि पुन्हा शिवायला बसायच्या. मला त्यांचा राग यायचा. गुडघे गेलेले, डोळ्यांना कमी दिसतंय, एकटं राहायचं, आणि विचारलं तर दाराला विचार. एक दिवस मी चिडूनच म्हणाले, "आक्का, दार काय बोलत नाही. तुम्हीच बोला."

त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली. मग म्हणाल्या, "मी गेले तर ती येनार कुठं? तिला ह्येच दार ठावं हाय. एवढीशी पोर. समुद्रापल्याडची वाट कोन दावनार तिला?"

माझ्याकडे उत्तर होतं. आत्मा नसतो, हेच ते उत्तर. मी ते दिलं नाही.

गेल्या वर्षी त्या न्हाणीघरात पडल्या. मांडीचं हाड मोडलं. मग मुलगा येऊनच बसला. चांगला मुलगा आहे, आईच्या पायाला तेल लावत बसायचा. वैशाखात तो त्यांना घेऊन निघाला. घर विकायचं ठरलं होतं, पण दिवाळीनंतर. तोवर किल्ली आमच्याकडे. चौकटीवरची नळी तो उचकटायला लागला तेव्हा आक्कांनी त्याला थांबवलं. "मी जाते. दार हितंच ऱ्हातंय," म्हणाल्या.

मी गाडीत त्यांच्याबरोबर हद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्यापर्यंत गेले. तिथून परत यायची बस मिळते. नाक्यावर ट्रकांची रांग होती, गाडी थांबली. मुलगा पाण्याच्या बाटल्या आणायला उतरला. आक्कांनी माझा हात धरला. त्यांचा हात तसाच थंड होता.

"ह्या तिश्रीत तेवढं एकडाव बस," त्या म्हणाल्या. "आत बसायचं. कडी लावून. बाकी काय करू नगंस."

"आक्का, मी मानत नाही."

"ठावं हाय मला. मानू नगंस. नुस्तं बस. ती येईल, दार बंद असंल, पन आत मानूस हाय ह्ये तिला कळंल. मग घर इकू दे त्येला." मग माझा हात सोडून त्या म्हणाल्या, "रिकामं घर बघून पोर भिती गं."

मुलगा बाटल्या घेऊन आला. मी उतरले. रांग सरकली आणि गाडी महाराष्ट्रात गेली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मान वळत नव्हती त्यांची.

घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं होतं, ती लगेच हो म्हणेल. ती भडकली. "आपन प्रतिज्ञा घेतल्यात. पितर न्हाय, पिंड न्हाय, श्राद्ध न्हाय. तुज्या आज्यानं सोडलं ते समदं. तू काय लुगडं नेसून मेलेल्याची वाट बघत बसनार? ते बी त्याच दिवशी? मानसं विहारात चालल्यात आन् माजी शिकल्याली पोरगी भुताला दार राखत बसलीया?"

"पिंड नाही, काही नाही. नुसतं बसायचंय."

"नुस्तं बसनं बी मानल्याबिगर हुईत न्हाय," आई म्हणाली.

श्रावणात मुलाचा फोन आला. आक्का गेल्या. झोपेतच. आईने फोन माझ्या हातातून घेतला, ऐकून घेतलं आणि परत दिला. त्या दुपारी ती सूप घेऊन आक्कांच्या ओट्यावर गेली आणि रिकाम्या घरासमोर बसून विड्या वळत राहिली. मी बोलवायला गेले तर म्हणाली, "हितं सावली हाय." त्यानंतर दारफाळणीचा विषय आमच्यात निघाला नाही.

त्या वर्षी दसरा आणि दारफाळणी पुन्हा एकाच दिवशी आली. मी पहाटे पांढरी साडी नेसले. विहारासाठी की त्या घरासाठी, हे आई विचारेल म्हणून घाबरत होते. तिने विचारलं नाही. स्वतःची पांढरी साडी चापूनचोपून नेसत राहिली. मी किल्ली घेतली आणि निघाले.

आत शिरले, कडी लावली. मशीनवर चादर होती. रथवाला नबी मुलाने नेला होता, भिंतीवर त्याचा चौकोन उरला होता. मी भिंतीला टेकून बसले. उपास मी केला नव्हता, पण बरोबर आणलेल्या थर्मासातला चहा प्यायला नको वाटलं. आतल्या खोलीच्या दाराकडे बघायचं नाही, असं ठरवलं आणि तिकडेच बघत राहिले. खरं सांगते, मला भीती वाटत होती. नसलेल्या गोष्टीची भीती मी कॉलेजात फळ्यावर समजावून सांगते. त्या खोलीत ते समजावणं उपयोगाला आलं नाही. कोणी येईल याची भीती कमी होती. कोणीच येणार नाही, आणि आक्कांनी टाकलेला शब्द असा फुकट जाईल, याची जास्त होती.

मग बाहेर आवाज वाढला. मी उठून दाराशी गेले आणि त्या फटीला डोळा लावला. आयुष्यात पहिल्यांदाच त्या बाजूने.

गल्ली पांढरी झाली होती. सगळी वस्ती विहाराकडे निघाली होती, आणि या ओट्यासमोरूनच. पुढे बाप्ये, मग बायका, आणि मधूनमधून पोरी. फ्रॉक घातलेल्या, पांढऱ्या रिबिनी बांधलेल्या, हात सोडवून पळणाऱ्या. आता बहुतेक फ्रॉक कोल्हापूरहून तयार आणलेले असतात. पण एकीच्या घेराला खाली उसवलेल्या दुमडीची रेघ दिसली. थोरल्या बहिणीचा असावा. फट एवढी बारीक होती की एका वेळी एकच पोर दिसायची. तिचा चेहरा कळायच्या आत ती निघून जायची. मग दुसरी यायची. मग तिसरी.

तेव्हा मला कळलं. औंदा घर भरलंतं, असं आक्का ज्या वर्षी म्हणायच्या, त्या वर्षी दसरा आणि दारफाळणी एकत्र यायची. आणि ज्या वर्षी आमच्या पंचांगात अधिक महिना आडवा यायचा, त्या वर्षी त्यांची दारफाळणी महिनाभर आधी, गणपतीच्या दिवसांत होऊन जायची. तेव्हा फ्रॉक अजून कापडातच असायचे. गल्ली रिकामी असायची. त्या वर्षी कुणी आलेलं नसायचं.

त्या उपाशीपोटी महिनाभर हे फ्रॉक शिवायच्या आणि मग दार लावून या फटीशी उभ्या राहायच्या. फ्रॉक आपल्याच हातचे आहेत, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनीच सांगितलं होतं तसं. तरीही. अश्दोदला समुद्र होता, डाळिंब होतं, मुलगा होता. ही गल्ली नव्हती. मी त्या फळीला कपाळ टेकलं आणि मला रडू आवरेना.

लोक पुढे गेले. आवाज रस्त्याकडे लांबला. मी डोळे पुसून मागे सरकणार, तेवढ्यात फट अंधारली. बाहेर कोणीतरी उभं होतं, अगदी जवळ. श्वास ऐकू येत होता. मी हलले नाही.

मग ती व्यक्ती अर्धं पाऊल मागे झाली आणि मला आईचा हात दिसला. विड्या वळून तिच्या बोटांची टोकं काळी पडली आहेत, ती पांढऱ्या पदरावर उठून दिसत होती. तिने दोन बोटं वर केली. नळी थोडी उंच होती, तिला टाचा उचलाव्या लागल्या. बोटं तिथे टेकवली. ओठांना लावली नाहीत. नुसती टेकवली आणि खाली घेतली.

"आक्का," ती हळू आवाजात दाराला म्हणाली, "पोरगी हाय आत. काळजी करू नगा."

माझा हात कडीवर गेला होता. तो मी काढून घेतला. आईची पावलं गल्लीतून पुरती जाईपर्यंत तशीच उभी राहिले, आणि मग आत जाऊन बसले.